दातांच्या कारखान्यातली जागा

नानी वडाळ, ता. २० नोव्हेंबर २००८

सुरतेस राहणारे आमचे चतुरकुमार यांस, कुरजी रामजीचे घणे मानाने जय खोडियार.

इकडे आम्ही दोघं ठीक. फोन करू नका असं रसीलाला मीच सांगितलं. मला फोनमधलं ऐकू येत नाही, आणि तिची बा फोन हातात आला की रडते, बोलत काही नाही. म्हणून हे पत्र. भगा ड्रायव्हरच्या लक्झरीत तुपाच्या डब्याबरोबर देतोय. डबा आडवा झाला तर कागदाला तूप लागेल, राग मानू नका.

भगा सांगतो, यंदा सुरतेला जाणारी गाडी रिकामी जाते. मी म्हटलं, "असं कसं? दिवाळीची सुटी संपली ना?" तर म्हणाला, "काका, लाभपाचम झाली तरी कारखान्यांची कुलपं निघाली नाहीत. जाऊन माणूस काय ऊन खाईल?" आमच्या गल्लीतले सगळे हिरेघासू इथेच आहेत. दिवसभर पिंपळाच्या पारावर पत्ते. काल शंभूचा नीतिन दिसला. मी विचारलं, "कधी जाणार रे?" तो म्हणाला, "शेठचा फोन आला की." मी विचारलं, "फोन कधी येणार?" तर म्हणाला, "काका, ते कळलं असतं तर पत्ते कशाला पिसले असते?"

तुम्ही मात्र धाराची शाळा आहे म्हणून लगेच गेलात. बरं केलंत. पण तुमचा कारखाना उघडला का? रसीला पत्रात सगळं छान आहे म्हणते. लहानपणी ताप आला तरी ती छान आहे म्हणायची.

मी मुलीचा बाप. जावयाच्या धंद्यात नाक खुपसायचा मला हक्क नाही हे कळतं. तुमच्या घरचं मी पाणीसुद्धा पीत नाही, तर सल्ला काय देणार? तरी एक मनात येतं ते लिहितो. हिऱ्याचं काम आणखी काही दिवस बंद राहिलं तर दुसरं काही बघाल का? रिक्षा मात्र नको, सुरतेत लोक फार वेगाने चालवतात. फरसाणाची गाडी नको, उकळत्या तेलाचं भय. रखवालदारी तर नकोच, अख्खी रात्र जागायची, त्यात चोर आला तर त्याला पकडायचं कसं? तिची बा म्हणते, "तुम्ही सगळ्याला नको म्हणता, मग त्यांनी करायचं काय?" मला सुचत नाही म्हणूनच तर तुम्हाला विचारतोय.

काही कमीजास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या.

लि. कुरजी

*

सुरत, वराछा, ता. २ डिसेंबर २००८

पूज्य बापूजी आणि बा, पाया पडतो.

पत्राला तूप लागलं नाही. डब्याला पत्राची शाई लागली. धाराने आधी डबा उघडला, मग पत्र.

तुमच्यापासून काय लपवू? कारखाना बंदच आहे. शेठ म्हणतात पुढच्या आठवड्यात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच म्हणतात. आमच्या हिरे घासायच्या घंटीवर आम्ही चौघे बसायचो. एक गावी गेला, एकाने साड्यांच्या दुकानात घड्या घालायचं काम धरलं, एकाचा पत्ता नाही. मी उरलो.

पण बापूजी, काळजी सोडा. मला नवी वाट मिळतेय, आणि तिच्यात तेल नाही, रिक्षा नाही, चोरही नाहीत. नानपुऱ्यात एक पारशी बाई आहेत, फ्रेनीबेन. त्यांचा दात बनवायचा कारखाना आहे. डॉक्टर लोक माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि तिथे त्या मापाचा दात घडवतात, घासतात, झळकवतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका कंपाउंडरने माझं नाव सांगितलं. बेनने मला बोलावलं, माझी बोटं उलटी सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हिरे घासलेस ना? मग दात काय तुला खाणार आहेत?"

मी म्हटलं, "बेन, चावले तर?"

त्या म्हणाल्या, "चावायला लागतील इतके चांगले बनव, म्हणजे झालं."

लवकरच कामाला बसायला ये म्हणाल्या आहेत. रसीला दोन दिवस गुणगुणत भाकऱ्या भाजतेय. चौतिसाव्या वर्षी पुन्हा पाटीपुस्तक हाती घ्यायचं म्हणजे थोडं हसू येतं, पण हात तर माझेच आहेत ना.

आपला, चतुर

*

नानी वडाळ, ता. ९ डिसेंबर २००८

चतुरकुमार यांस कुरजीचे जय खोडियार.

तुमचं पत्र नीतिनकडून वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग तिच्या बाला वाचून दाखवलं. तिने देवापुढे गूळ ठेवला. मीही हात जोडले. पण अंथरुणावर पडलो आणि मला शंका आली.

हे दात कोणाचे असतात? म्हणजे नवे करतात असं तुम्ही लिहिलंय, ते खरं, पण वस्तू कशाची? आमच्याकडे एकदा एक दातवाला आला होता, तो जुने दात तारेत ओवून बसायचा, आणि लोक म्हणायचे की ते मसणातून आणतो. तसलं काही असेल तर घरी गेल्यावर आधी अंघोळ, मग लेकरू जवळ घ्या. नसेल तर मी मूर्ख.

आता खरी गोष्ट लिहितो. मंगळवारपासून कमुरतां लागतायत. सूर्य धन राशीत गेला की उत्तरायणापर्यंत आपल्यात कोणी उंबऱ्याला नवी खुंटीसुद्धा ठोकत नाही. तुम्ही तर आयुष्याचं काम बदलताय. आमच्या थोरल्या भावाने कमुरत्यांत तेलघाणी सुरू केली होती. पहिल्याच दिवशी बैल बसला तो उठला नाही. लोक म्हणतात बैल म्हाताराच होता. असेल. पण म्हातारा बैल त्याच दिवशी का बसला?

म्हणून हात जोडून सांगतो. बसायचं तर मंगळवारच्या आत बसा, नाहीतर पतंग उडून गेल्यावर बसा. त्या पारशी बाईंना आपलं पंचांग ठाऊक नसेल, पण माणूस भला दिसतो, समजावून सांगितलं तर थांबतील. जावयाला असं सांगायचा मला अधिकार नाही. मी सांगत नाही, फक्त मनात आलेलं लिहितो. तिची बा म्हणते लिहू नका. लिहिलं नाही तर मला झोप येणार नाही.

बाजरी, लसणाची चटणी आणि शेंगा पाठवतोय.

लि. कुरजी

*

सुरत, ता. २४ डिसेंबर २००८

पूज्य बापूजी, पाया पडतो.

तुमचा शब्द मी मोडेन का? पत्र आलं तेव्हा मी कामाला बसलो नव्हतो. बेनकडे जाऊन सांगितलं, "आमच्यात कमुरतां आहेत, वडीलमाणसांचं म्हणणं आहे, उत्तरायणानंतर येतो." त्यांनी मान हलवली. तेव्हा निश्चिंत राहा. दात पांढऱ्या मातीचे असतात, आपल्या कपबशीसारखे. मसणाचा काही संबंध नाही.

काम मी नुसतं जाऊन पाहून आलो. वेगळीच तऱ्हा आहे. तिथे एकच माणूस एक दात पहिल्यापासून शेवटपर्यंत करतो. साचा तोच ओततो, घडवतो तोच, रंग तोच देतो. असं काम मी कुठे पाहिलं नाही. आमच्याकडे हिरा हातोहात पुढे सरकतो. खालची बाजू, ज्याला आम्ही तळियां म्हणतो, ती माझी. वरची दुसऱ्याची, कडा तिसऱ्याची. ज्याचं त्याचं काम, ज्याची त्याची शोभा. एकट्याने सगळं करायचं म्हणजे, बापूजी, बायकांचा स्वयंपाक झाला. असो. शिकलं की येईल.

सुटीत आहे, म्हणून धाराचा मांजा रंगवून दिला. चटणी फार तिखट होती, तरी संपली.

आपला, चतुर

*

नानी वडाळ, ता. १७ जानेवारी २००९

चतुरकुमार यांस कुरजीचे जय खोडियार.

उत्तरायण पार पडलं. गावात सगळ्या झाडांवर पतंग लटकलेत. मी परवा पहाटे उठून सूर्याला अर्घ्य दिलं आणि तुमचं नाव घेतलं. आता चांगले दिवस लागले. बसलात ना कामाला? पहिल्या दिवशी उजवा पाय आत ठेवलात ना? हे विचारायचं राहून गेलं होतं, त्याची मला दोन दिवस रुखरुख लागली.

पारावर सगळ्यांना सांगितलं की आमचे जावई आता दातांच्या कारखान्यात आहेत. लोकांना आनंद झाला. नीतिन म्हणाला, "काका, मलाही चिकटवता का तिथे?" मी म्हटलं, "आधी त्यांना बसू दे, मग बघू." ही गोष्ट तुम्हाला न विचारता बोललो, चूक झाली असेल तर सांगा, मी उद्याच पारावर जाऊन परत घेतो.

तिळाची चिक्की, आणि तिच्या बाने धारासाठी विणलेली टोपी. टोपी मोठी झालीय, लेकरू वाढेल.

पत्राची वाट बघतो. भगाची गाडी आली की मी पहिला जातो.

लि. कुरजी

*

सुरत, ता. २७ जानेवारी २००९

पूज्य बापूजी,

जागा गेली. बेनना काम होतं, त्या थांबल्या नाहीत. दुसरा कोणी बसवला. तुमचा दोष नाही, तुम्ही आमच्या भल्याचंच सांगितलं होतंत. नशिबात नव्हतं.

दुसरीकडे बघतोय. टोपी धाराला आवडली.

चतुर

*

सुरत, ता. ५ फेब्रुवारी २००९

बापूजी, बा, रसीलाचे जय खोडियार.

भगाभाईकडे तुम्ही फ्रेनीबेनचा पत्ता मागितलात, तो मागे लिहिलाय. कशाला हवाय, विचारत नाही. तुम्ही काही करू नका एवढंच सांगते, आणि तुम्ही ऐकणार नाही हेही मला ठाऊक आहे.

बापूजी, एक बोलू? कमुरत्यांचं तुम्ही कशाला काढलंत? मला माहीत आहे, काळजीपोटी. पण इथे एवढी एक जागा मिळाली होती. ते तुमचं नाव घेत नाहीत. मी घेतलं तर चिडतात, म्हणतात, "वडीलमाणूस आहेत, त्यांना काय बोलायचं?" तुमच्यासाठी माझ्यावर ओरडतात. असा जावई मिळायला पुण्य लागतं, हे बाच म्हणायची.

आता खरं सांगते. ते रोज सकाळी डबा घेऊन निघतात. काम शोधतो म्हणतात. शेजारच्या मंजूबेनने त्यांना बागेत बसलेलं पाहिलं. तसे तिथे कितीतरी बसतात, सगळे डबे घेऊन. दुपारी एकमेकांचे डबे उघडतात, संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन थकलो म्हणतात. मी विचारते, "आज कुठे गेला होतात?" ते म्हणतात, "कतारगामला." मी मान हलवते. रिकामा डबा घासते.

मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीतला एक जण असाच डबा घेऊन गेला, तो आलाच नाही. तापीत मिळाला. त्याचा डबा पुलाच्या कठड्यावर नीट झाकण लावून ठेवलेला होता. ह्यांना तो ओळखत होता. त्या दिवशी हे जेवले नाहीत. फक्त एक म्हणाले, "लोकांनी त्याला फार विचारलं, काम का गेलं, काम का गेलं."

तेव्हापासून मी काही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. बाला हे वाचून दाखवू नका.

तुमची रसीला

*

नानी वडाळ, ता. ८ फेब्रुवारी २००९

नानपुरा, सुरत येथील फ्रेनीबेन यांस, नानी वडाळच्या कुरजी रामजीचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडे काम मागायला आलेला चतुर हा माझा जावई. मी चार बुकं शिकलेला माणूस आहे, लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

बेन, अपराध माझा आहे. तो आपल्या वेळेला येऊन बसला असता. मी त्याला कमुरत्यांचं भय घातलं. तो संस्कारी माणूस, सासऱ्याचा शब्द मोडवेना, म्हणून थांबला, आणि तुम्ही दुसरा माणूस घेतलात. तुमचंही बरोबर, धंदा कोणासाठी थांबत नाही. पण म्हाताऱ्याच्या खुळेपणाची शिक्षा त्याला नको. कोपऱ्यात बसवा, झाडू मारायला ठेवा, पण एकदा आत घ्या. हात त्याचा चांगला आहे. हे मी सासरा म्हणून सांगत नाही, त्याने घासलेला हिरा मी पाहिला नाही, आमच्यासारख्याला कोण दाखवणार? पण पंधरा वर्षं एकाच शेठकडे होता. वाईट हाताला शेठ पंधरा वर्षं ठेवतो का?

मी स्वतः आलो असतो. पण मुलीच्या गावात राहायचं कुठे, आणि ऐकूही येत नाही. तुम्ही बोलाल आणि मी भलतंच समजेन. म्हणून कागदावर पाया पडतो. मी तुमच्यापेक्षा मोठा असेन, तरी पडतो.

कुरजी रामजी

*

नानपुरा, सुरत, ता. १६ फेब्रुवारी २००९

अरे कुरजीकाका,

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग माझा चहा गार झाला. पाया कसले पडता, उठा आधी.

कमुरत्यांमुळे मी कोणाला काढलं नाही. माझे निम्मे कारागीर मुहूर्त बघितल्याशिवाय नवा चष्मासुद्धा घालत नाहीत, मला काय नवं आहे? तुमचा चतुर डिसेंबरातच आला होता. नाताळच्या आधी आठवडाभर माझ्याकडे बसला. घरी सांगितलं नव्हतं का? मग मी हे लिहून चूक केली असेन, पण तुम्ही स्वतःला जाळताय ते मला बघवत नाही.

काका, मुलगा सोन्यासारखा आहे. दाताची एक बाजू अशी झळकवायचा की माझ्या जुन्या कारागिरांनी बघत राहावं. आणि मग थांबायचा. हात पुढे करायचा, शेजारच्याला द्यायला. शेजारी कोणी नाही! बोटांत दात धरून बघत बसायचा. मी म्हणायची, "दीकरा, पुढचंही तूच करायचं आहे." तो म्हणायचा, "हो बेन," आणि पुन्हा तीच बाजू घासायचा. एक दात घासून घासून पार तांदळाएवढा केला. पंधरा वर्षं एकच बाजू केलेली, दुसरी बाजू असते हेच हात विसरला. हुशारी कमी नाही. उलट हातच इतका हुशार की ऐकत नाही.

माझ्याकडे पोरी आहेत, वर्षभरात शिकल्यात, वीस-बावीसच्या. त्यातल्या एकीने त्याला समजावलं, "भाई, असं धरा." ती चांगल्या मनाने बोलली. पण त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "बेन, आमच्यात कमुरतां आहेत, मी नंतर येतो." मी समजले. म्हटलं, "जरूर ये." उत्तरायणानंतर मी वाट पाहिली. आला नाही. दुसरा कोणी बसवलेला नाही. त्याचं स्टूल तसंच आहे.

तो आला तर मी घेईन. शिकेल, वेळ लागेल, तोवर नुसतं झळकवायला बसवेन. पण मी बोलावणार नाही. बोलावलेला माणूस उपकाराच्या ओझ्याने येतो आणि पहिल्या चुकीला पळतो. त्याने आपल्या पायाने यावं. एप्रिल उजाडला की मात्र मला कोणीतरी घ्यावंच लागेल, डॉक्टर डोक्यावर बसतात.

मी लिहिलं हे त्याला सांगू नका. सांगितलंत तर कधीच येणार नाही. हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळत असेल.

फ्रेनी

*

नानी वडाळ, ता. २१ फेब्रुवारी २००९

चतुरकुमार यांस कुरजीचे हात जोडून जय खोडियार.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण तोंड नव्हतं. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मोठ्या मनाने तुम्ही दोष नाही म्हणालात, पण दोष माझाच. पंचांग बघून बघून माझं डोकं फिरलंय. तिची बा म्हणते, "तुम्ही श्वास घ्यायलाही मुहूर्त बघाल." तसाच आहे मी.

कोणी तुम्हाला विचारलं, काम का गेलं, तर बेधडक सांगा की सासरा खुळा आहे, त्याने अडवलं. मीही इथे तेच सांगतो. पारावर सगळ्यांना सांगून आलो. नीतिन तर म्हणाला, "काका, तुम्ही जावयाचं वाटोळं केलंत." मी म्हटलं, "केलं बाबा."

आता एक विनंती. सांगायला नको, पण मनात आलंय. तुम्ही एकदा त्या बेनकडे जाऊन बघाल का? म्हणजे असंच, जाता जाता. म्हणा, "माझ्या सासऱ्याच्या वेडापायी मी आलो नव्हतो, आता आलो." लोकांना म्हाताऱ्यांच्या वेडाची कीव येते. कदाचित दुसरा माणूस टिकला नसेल. मला काही ठाऊक नाही, मी अंदाजाने लिहितो. नवं काम आहे, हाताला लगेच बसत नाही, हे त्यांनाही कळत असेल. मी तेलघाणीवरून शेतात आलो तेव्हा वर्षभर कोळपं माझ्या पायावरच चालायचं. लोक हसायचे. मग हसायचे थांबले, कारण त्यांनाही आपापलं काम होतं.

पण जमलं तरच. नाही जमलं तर नका जाऊ. जा मात्र.

लि. कुरजी

*

सुरत, ता. ७ मार्च २००९

पूज्य बापूजी, पाया पडतो.

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. तुम्ही स्वतःला एवढं दोषी का समजता? खरं सांगायचं तर सुरुवातीला थोडा राग आला होता. पण मी तो काढून टाकलाय. माणूस काळजीपोटी बोलतो आणि चूक होऊन जाते. मी तुम्हाला मनापासून माफ केलं. हा विषय पुन्हा काढू नका, आणि पारावरही काढू नका.

बेनकडे जाणं मात्र होणार नाही. तुमच्या शब्दाचा मान राखून जी जागा सोडली, ती पुन्हा मागायला जाणं तुम्हाला तरी शोभेल का? आपली काही इज्जत आहे.

सध्या घरीच आहे. रसीला साड्यांवर टिकल्या लावायचं काम आणते, ते बघतो. खोलीभर साडी पसरतो. मंजूबेन डिंकाचा ठिपका देतात, मी टिकली ठेवतो, रसीला दाबते, धारा शाळेतून आली की घडी धरते. काचेच्या टिकल्या, दिसायला हिऱ्यासारख्या. हात भरभर चालतो. मंजूबेन म्हणतात, "चतुरभाई, जरा हळू, माझा डिंक पुरत नाही." दार लावून बसतो, कारण हे बायकांचं काम. गावात कोणाला सांगू नका.

रसीलाने सांगितलं म्हणून लिहितो, मी आता जेवतो आणि झोपतो. बाला सांगा.

आपला, चतुर

*

नानी वडाळ, ता. १४ मार्च २००९

चतुरकुमार यांस कुरजीचे जय खोडियार.

तुमची माफी पोचली. नीतिन मुंबईला जाऊन शिकाऊ वेल्डर झाला, म्हणून या वेळी कोणाकडून वाचून घेतली नाही, मी एकट्यानेच वाचली. तुमचं मन मोठं. आमची रसीला चांगल्या घरी पडली.

विषय काढू नका म्हणालात, म्हणून काढत नाही. बाला सांगितलं की तुम्ही जेवता. ती रडली, पण ते नेहमीचं. साड्यांचं कोणाला सांगितलं नाही.

होळी झाली. रान सगळं वाळलंय. मार्च निम्मा गेला, पुढे एप्रिल येईल. मी उगाच लिहितोय, महिने येतातच. तुम्हाला काही सांगायचंय असं सारखं वाटतं, कागद घेतला की ते सांगता येण्यासारखं राहत नाही. म्हातारपणी असं होतं म्हणतात.

एवढंच लिहितो. यापुढे तुम्हाला कुठे जावंसं वाटलं, नव्या जागी किंवा जुन्या, तर मला विचारू नका. पंचांग मी तिच्या बाला विस्तवात घालायला दिलं होतं, तिने घातलं नाही, लपवून ठेवलं. तरी तुम्ही बघू नका. वार कुठलाही असो, अमावस्या असो, मांजर आडवं जावो, उठा आणि निघा. वाटेत कोणी अडवून विचारलं, आता कसा आलास, इतके दिवस का नाही आलास, तर काही शोधत बसू नका. माझं नाव सांगा. पुढेही जे जे जमणार नाही ते सगळं माझ्यावर घाला, मला चालेल. सासऱ्याचं नाव अशाच कामाला असतं.

लि. कुरजी रामजी